पाच मीटर साठ

दामाजीने तेच टेबल तिसऱ्यांदा पुसायला घेतलं, तेव्हा शीलाने अकरावी फ्लॉपी मशीनमध्ये सरकवली आणि मान वर न करता म्हणाली,

“काका, किती पुसाल? रंग जाईल त्याचा.”

“धूळ लय येते खाडीवरून,” दामाजी म्हणाला आणि फडकं घेऊन खिडकीकडे वळला. खिडकीच्या काचेत त्याला मशीनचा पडदा दिसत होता. काळ्या चौकोनात इंग्रजी अक्षरं भराभर वर सरकत होती.

कोपरीच्या बंदरावरची ही चौकी म्हणजे दोन खोल्या. सहा वर्षं दामाजी इथून खाडीच्या पायऱ्या उतरत होता. पाण्यात रोवलेल्या मोजपट्टीवर दिवसाची भरती-ओहोटी वाचायची, वहीत वेळ आणि उंची लिहायची, खाली सही करायची. त्या वह्या कधी कुणी उघडल्या नव्हत्या. यंदा, सत्त्याण्णव साली, काठाला भिंत बांधायचं ठरलं आणि ती किती उंच हवी हे काढायला ठाकुर्लीची ही मुलगी आली. तिच्या कॉलेजातला भरतीचा प्रोग्राम युनिक्सच्या मोठ्या मशीनवर चालणारा. चौकीतलं मशीन विंडोजचं. दोन दिवस झाले, तो इथे बसत नव्हता.

दामाजीला त्याचं बरंच वाटत होतं.

पहिल्या दिवशी म्हणे फायलींच्या नावांत वेळ लिहिली होती आणि तासा-मिनिटांमधले दोन ठिपके विंडोजला चालेनात. शीलाने शेकडो नावं बदलली. मग युनिक्ससारखं वागणारं आणखी एक सॉफ्टवेअर आधी घालावं लागलं आणि त्याच्यावर सगळा प्रोग्राम पहिल्यापासून बांधायला घेतला. मध्येच कुठेतरी अडायचं, ती “अगं बाई” म्हणायची, की दामाजीचे खांदे सैल पडायचे.

“नाय बसत तर सोडून द्या ना, बाय. दुसऱ्याच्या घरचं कपाट ते. आपल्या दारातून कसं शिरेल?”

“शिरेल. थोडं तासलं की शिरतं.” ती हसली. “काका, सहाही वर्षं पट्टी तुम्ही एकटेच वाचत होतात ना?”

फडकं थांबलं.

“का वो?”

“सहज.”

सहज कुणी असं विचारत नाही. तिच्या कोपराशी त्याच्या वह्या रचलेल्या होत्या. मधल्या एका वहीत कागदाची चिठ्ठी खोचलेली होती. काल ती नव्हती. वह्या सरळ करायच्या निमित्ताने त्याने हात पुढे केला.

“राहू द्या तशाच,” शीला पटकन म्हणाली.

तो मागे सरला. चिठ्ठी कुठल्या सालात आहे, ते त्याला पाहायला न मिळताही ठाऊक होतं. पंचाण्णवच्या डिसेंबरात आठ दिवस तो पायऱ्या उतरलाच नव्हता. अर्नाळ्याहून मेहुण्याचा निरोप आला, होडीवर एक माणूस कमी आहे. खाडीतली मासळी संपून वर्षं लोटली होती, हात जाळं ओढायला शिवशिवत होते. चौकीला कुलूप घालून तो गेला. परतल्यावर आठही दिवस वहीत भरले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे बापाने लहानपणीच शिकवलेलं. कुठल्या तिथीला उधाणाची मोठी भरती, कुठल्या तिथीला भांगाची लहान, पाणी कुठवर चढणार, हे त्याला विचार न करता सांगता यायचं.

दुपारी जेवणाचा डबा बंद करता करता शीला ओरडली, “बसला!”

पडद्यावर निळी नागमोडी रेघ उमटली होती. तिच्या आजूबाजूला बारीक ठिपके होते, काही वर, काही खाली.

“रेघ प्रोग्रामची. ठिपके तुमचे.” तिने एक तुकडा मोठा केला. “हा डिसेंबर बघा.”

दामाजीने खिडकीची चौकट धरली.

“आठ दिवस ठिपका रेघेवरून हललेला नाही! इतकं अचूक वाचन मी अजून पाहिलेलं नाही. सरांना दाखवणार आहे मी.”

दामाजी हळूच स्टुलावर टेकला. दोन दिवसांत तो पहिल्यांदाच बसत होता.

“घोळ आहे तो इथे.” शीलाने चिठ्ठीची वही उघडली. चौऱ्याण्णवचा जुलै. पान पाण्याने फुगलेलं होतं. “पाच मीटर साठ. प्रोग्राम म्हणतो चार नव्वद. आणि तुमची पट्टीच पाचाला संपते. मग हे वाचलंत कुठून?”

“पट्टी बुडालेली. वरच्या पायऱ्या मोजल्या. कमरेला दोरी बांधून उतरलेलो. डोंगराचं पाणी नि उधाण एकाच वक्ताला आलं. आमच्या वाड्यात पाटा-वरवंटा सोडून सगळं तरंगत होतं, बाय.”

“पाणी आलं असेल हो. पण त्या गडबडीत नजर चुकते. डिसेंबर बघा आणि हे बघा. एकाच माणसाचं वाटतं का? असे आकडे आम्ही काढून टाकतो.”

“काढला तर?”

“तर भिंत तेवढी खाली. सत्तर सेंटिमीटर.”

दामाजीने हात चौकटीवर ठेवला आणि खालून वर मोजलं. तीन विती. खिडकीपलीकडे कोळीवाड्याची दारं होती, भावाचं, चुलत्याचं, त्याचं स्वतःचं.

शीलाचं बोट कळीवर गेलं.

“थांबा. डिसेंबरचे काढा.”

“ते कशाला? तेच तर...”

“ते मी वाचलेच नायत. अर्नाळ्याला गेलेलो. तिथी मोजून मागाहून लिवले. म्हणून असे रेघेवर बसलेत. पाणी कधी बसतं का रेघेवर?”

शीला त्याच्याकडे पाहत राहिली. दोन दिवस तो तिच्याकडे पाहत होता, तशीच.

“असे आणखी किती दिवस आहेत?”

“आठच.”

“कशावरून?”

 त्याने फडक्याची घडी घातली, मोडली.

“मला हे रिपोर्टात लिहावं लागेल,” ती म्हणाली. “तुमच्या नावानिशी. साहेब ठेवतील की नाही तुम्हाला, सांगता येत नाही.”

“लिवा. जुलैच्या आकड्यापुढे पण माझंच नाव लिवा.”

शीलाने डिसेंबरचे आठ ठिपके एकेक करून पुसले. जुलैचा ठिपका वर एकटाच होता.  मग खण उघडून तिने मोजायची टेप काढली आणि पायात चपला सरकवल्या.

“कुठल्या पायरीपर्यंत होतं, काका?”