हातावरचा तुकडा

गौराबाईनं कणकेचा गोळा परातीत आपटला, उचलला, पुन्हा आपटला. कणीक केव्हाच मळून झाली होती. राग तेवढा मळायचा राहिला होता.

"आई, पुरे की आता," मागच्या पडवीतून अक्षरा म्हणाली. "कणकीनं काय घोडं मारलंय तुझं?"

"तू गप. पाय वर घेऊन बस म्हणलं न्हाय का?"

लेक आठ महिन्यांची गरोदर. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून काल सोलापूरहून एस.टी.नं उमरग्याला आली, तर बापानं, कल्याणप्पानं, दारातच पाठ फिरवली; रात्र तिनं मागच्या पडवीत काढली. सासरी ना सासू ना नणंद. एकटा नवरा, तोही रात्रपाळीचा. पण चर्चच्या पाळकसाहेबांनी दोन वर्षांपूर्वीच मंडळीत जाहीर केलं होतं : अक्षराशी कुणी बोलायचं नाही, तिच्या हातचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, जो घेईल तोही तिच्यासारखाच मंडळीबाहेर. गुन्हा काय, तर लग्न. मुलगा ख्रिस्तीच, पण त्याच्या चर्चमध्ये नाताळला झाड सजवतात, म्हणून तो भ्रष्ट!

पाळकसाहेबांचं बोट कशात नव्हतं? बांगड्या नकोत, टीव्ही नको. म्हैस विकायची का ठेवायची, हेही त्यांना विचारून. मागे एका पोराच्या हातून प्रभुभोजनात वाटतात त्या पवित्र भाकरीचा कण खाली पडला, तर सगळ्या घराला उपास घडवला. गौराबाईच्या आईनं तर हातच्या पाण्याच्या विटाळाला कंटाळूनच येशूचं नाव घेतलं होतं. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय.

आज उपासनेत गौराबाईनं उभं राहून साक्ष द्यायची होती : माझ्या घरात या लेकीला जागा नाही. मग संध्याकाळच्या गाडीनं तिला परत धाडायचं. कल्याणप्पानं पहाटेपासून बायकोकडून ती वाक्यं घोकून घेतली होती. जन्मात शाळेची पायरी न चढलेल्या बाईला या वयात पाठांतर! आणि वर प्रभुभोजनात भाकर म्हणून मोडतात ती बेखमीर पोळीही तिनंच करायची. ते काम कायम तिचंच.

ती लाटायला बसली. लाटणं रागानं कसंही फिरत होतं. पोळी एकीकडे जाड, एकीकडे फाटलेली. अक्षरा पोट सावरत उठून आली.

"सरक. दे हिकडं."

गौराबाईनं 'नको' म्हणायला तोंड उघडलं. लेकीच्या हाताखाली पोळी गरगर फिरायला लागली होती. तिनं तोंड मिटलं आणि तवा तापत ठेवला.

मंडळीच्या पत्र्याच्या हॉलमध्ये पाळकसाहेबांनी पोळी मोडली. ताट फिरलं. प्रत्येकानं एकेक तुकडा तळहातावर घेतला आणि हुकमाची वाट बघत बसला.

"खाण्याआधी भगिनी गौराबाई साक्ष देतील," पाळकसाहेब म्हणाले. "कलंक घेऊन कुणी या मेजाजवळ येऊ नये."

गौराबाई उभी राहिली. पुरुषांच्या बाजूला बसलेल्या कल्याणप्पाचे ओठ हलत होते. पहिलं वाक्य तो तिला तिथून पुरवत होता. ते ओठ बघून तिचं टाळकंच फिरलं.

"साक्ष खरीच द्यावी लागती ना, साहेब?"

"अर्थात, भगिनी."

"मग ऐका. ही पोळी माझ्या अक्षरानं लाटली. भाजली बी तिनंच. तुमच्या हातावर बी तिच्याच हातचं हाय. खायचं असंल तर खावा, आन सगळेच मंडळीबाहेर निघू. हॉलला कुलूप घालू. लई कटाळले बघा मी."

पाळकसाहेबांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. तुकडा खाली टाकायची सोय नव्हती. तो नियम त्यांचाच होता.

"तुकडे परत ताटात ठेवा," शेवटी ते म्हणाले. "सगळ्यांनी."

ताट पुन्हा फिरलं. बायकांनी गौराबाईकडे न बघता तुकडे ठेवले. पुरुषांनीही ठेवले. ताट कल्याणप्पापुढे आलं. पाळकसाहेबांचा शब्द खाली पडू न देणारा हा माणूस; त्याचा हात लगेच ताटावर गेला. तिथं थांबला. शेजारच्यानं ताट जरा पुढे केलं.

कल्याणप्पानं तुकडा तोंडात घातला.

सगळ्यांदेखत तो सावकाश चावत राहिला. कुणीतरी "अहो, कल्याणप्पा" म्हणालं. तो उठला, दाराशी जाऊन चपला शोधायला लागला. गौराबाई त्याच्या मागोमाग बाहेर आली.

घराचं दार दिसायला लागलं तेव्हा त्यानं घसा खाकरला.

"पोरगी जेवली का सकाळपासनं?"

गौराबाईनं कपाळावर हात मारला.

"आता तरी मला इचारू नका. दारात जावा, आन तिलाच इचारा."