काटा स्थिरावेपर्यंत

मित्रांनो, मी तराजू आहे, पण बाजारात ज्वारी तोलणारा नव्हे. माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यात झाला. पेंढ्यात गुंडाळून, रेल्वेने मला सोलापूरच्या एका कॉलेजात आणले आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत बसवले. एका मिलिग्रॅमचाही फरक मला कळतो. पण माझा काटा आधी बराच वेळ डावीउजवीकडे झुलतो आणि मगच स्थिरावतो. घाईने टिपलेला आकडा चुकतो. म्हणून शिक्षक नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगत, काटा थांबेपर्यंत थांबा.

१९७३ च्या जून महिन्यात दानम्मा माझ्यासमोर पहिल्यांदा उभी राहिली. अक्कलकोटजवळच्या खेड्यातली ती मुलगी. घरात कन्नड, शाळेत मराठी आणि आता कॉलेजात शास्त्राचा प्रत्येक शब्द इंग्रजी.

दोन वर्षांपूर्वी तिचे वडील शिवलिंगप्पा यांनी तुरीवर फवारायचे औषध उघड्या हातांनी कालवले होते. डब्यावर धोक्याची सूचना होती, पण इंग्रजीत. गावात ती कुणालाच वाचता आली नाही. औषध डोळ्यांत उडाले आणि उजव्या डोळ्याची नजर गेली. दानम्माला शास्त्राची पदवी घेऊन गावच्या शाळेत शिकवायचे होते, म्हणजे पुढच्या मुलांना तो डबा वाचता आला असता. घर चालवणाऱ्या काकांनी तिला एकच वर्ष दिले होते. पास झाली तर पुढे, नाहीतर परत.

प्रयोगशाळेतले शिपाई मडिवाळप्पा वीस वर्षे बाटल्या पुसत होते. एकाही बाटलीवरचे नाव त्यांना वाचता येत नसे. झाकणाचा आकार आणि ठेवायची जागा एवढ्यावर ते बाटल्या ओळखत. भांडी गार होईपर्यंत दानम्माला वेळ असे. त्या वेळात ती त्यांना बाटल्यांवरचे एकेक अक्षर दाखवू लागली.

"या वयात मला परीक्षेला बसवतीस की काय?" ते विचारत.

"बसा की मामा. तुमी पास व्हाल, मीच मागं राहीन."

दोघेही हसत.

एकदा शेजारच्या मुलाने बर्नरवरून उतरवलेली बशी थेट माझ्या पारड्यात ठेवायला घेतली. दानम्माने त्याला थांबवले. गरम भांड्याभोवतीची हवा तापून वर जाते, म्हणून वजन कमी भरते, असे तिने सांगितले. अगदी बरोबर होते.

"आता इंग्लिशमधी सांगा की मॅडम," तो म्हणाला.

सगळे हसले. दानम्मा खाली मान घालून वजने पेटीत लावत राहिली. दुसऱ्या दिवशी तिच्या वहीत ते वाक्य इंग्रजीत लिहिलेले होते. खाली मराठी, त्याखाली कन्नड.

मार्चमध्ये परीक्षा झाली. दानम्माने ऑक्झॅलिक आम्ल तोलले, कणही सांडला नाही. मग बाहेरगावचे परीक्षक तिच्यापाशी आले. त्या दिवशी त्यांना बत्तीस मुले तपासायची होती. गरम भांडे का तोलू नये, असे त्यांनी इंग्रजीत विचारले.

तिचे ओठ हलले. उत्तर तिच्याजवळ होते. ते कन्नडमधून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत येत होते. माझा काटा मोकळा करणारी मूठ तिने नुकतीच फिरवली होती. काटा चार वेळा इकडून तिकडे गेला.

"नेक्स्ट," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांनी कागदावर आकडा लिहिला आणि ते पुढे गेले.

माझा काटा स्थिरावला तेव्हा ते तिसऱ्या टेबलाशी होते. तेव्हा दानम्माने उत्तर दिले. पूर्ण वाक्यात, इंग्रजीत, एकही चूक न करता. ते फक्त मी ऐकले.

प्रात्यक्षिकात ती नापास झाली. शिवलिंगप्पा तिला न्यायला आले. प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून त्यांनी विचारले, "पोरगी काम नीट करीत न्हवती का?"

"काम लई चोख हाय तिचं," मडिवाळप्पा म्हणाले. "बोलायला जरा येळ लागतो. तेवढा येळ कुणाला न्हवता."

दानम्माने वही मडिवाळप्पांच्या हातात दिली. तुमच्या उपयोगी पडेल, एवढेच म्हणाली. माझ्या काचेवरून तिने एकदा फडके फिरवले आणि पेटीचे दार लावले.

पुढे एका पारड्याचे नवे यंत्र आले आणि मी अडगळीच्या खोलीत गेलो. माझी दांडी अजून सरळ आहे, पण मला कुणी काही तोलायला देत नाही. ती वही माझ्या खणात आहे. मडिवाळप्पांना आता सगळ्या बाटल्यांची नावे वाचता येतात. शनिवारी झाडायला आले की ते वहीचे एखादे पान अक्षर लावून वाचतात. परवा वाचता वाचता म्हणाले, तिच्या गावात फवारणीचा डबा आधी तिच्या दारात जातो, ती वाचून सांगते आणि मगच उघडतात. शाळेत मात्र शिकवायला दुसरेच कुणी आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंवरची धूळ पुसा, ओल्या हातांनी वजने उचलू नका, हे तर मी सांगेनच. पण तुमच्या वर्गात कुणी परक्या भाषेत शब्द शोधत उभे राहिले, तर हसू नका आणि पुढच्याला हाक मारू नका. तिचा काटा अजून हलतो आहे. तो थांबू द्या, मग आकडा लिहा.