दूधगाडीच्या रस्त्यावरची रानकेळ

निवृत्तीला एकवीस दिवस उरले होते आणि केळबाईंच्या अंगात आता नवं काही सुरू करायचं त्राण नव्हतं. बत्तीस वर्षं त्यांनी वनस्पतिसंग्रहालयात वाळलेली पानं कागदावर चिकटवली होती, लोखंडी कपाटं उघडली होती, बंद केली होती, कसर लागू नये म्हणून आत गोळ्या ठेवल्या होत्या आणि त्या गोळ्यांच्या वासाने डोकं उठतं म्हणून चहाचे कपावर कप रिचवले होते. कपाटांना कसर लागली नाही. गुडघ्यांना लागली.

केळबाई हे नाव ऑफिसने ठेवलेलं. सगळे तोंडावर म्हणत आणि त्यांनाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं. त्यामागे कारण होतं. वरच्या डोंगरातल्या रानकेळीची एक वेगळी उपप्रजाती तीस वर्षांपूर्वी जाहीर झाली, तेव्हा तिला केळबाईंचं आडनाव दिलं गेलं, मागे लॅटिन शेपूट जोडून. दिलं ते सरांनी. सर म्हणजे तेव्हाचे तिथले शास्त्रज्ञ. त्यांना जाऊनही आता बारा वर्षं झाली होती. केळबाईंचा हुद्दा सहायकाचा. सहायकाने झाड आणायचं, दाबायचं, वाळवायचं, चिकटवायचं. ते झाड कोणतं हे ठरवणार शास्त्रज्ञ आणि कागदाच्या कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर सहीही त्याचीच. घर नवऱ्याच्या नावावर, गॅस सासऱ्यांच्या नावावर, तेव्हा जगात केळबाईंच्या नावावर म्हणून जे काही होतं, ते एवढंच. डोंगरातली एक केळ. तिची फळं बियांनी इतकी भरलेली की माकडंसुद्धा नाइलाजाने खायची.

एकवीस दिवस उरलेले असताना एक फॉर्म आला. दूरच्या एका विद्यापीठातली बाई सगळ्या रानकेळींवर मोठा ग्रंथ लिहीत होती. कोणती केळ कुठे कुठे सापडते, याची नोंद तिला हवी होती. जागा, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. शेवटचा रकाना होता: वेळ.

"वेळ कशाला हवी हिला?" केळबाई स्वतःशीच पुटपुटल्या. बत्तीस वर्षांत कुणी वेळ विचारली नव्हती. त्यांनी जुन्या वह्या काढल्या आणि चौदा नोंदी उतरवायला घेतल्या. वेळेचा रकाना सोडून हात आपोआप पुढच्या ओळीवर जात होता.

आता केळ ही काही दाबून ठेवायची वस्तू नव्हे. पान माणसापेक्षा लांब आणि केळफूल पाण्याने भरलेलं; कागदात घातलं की तीन दिवसांत सडायला लागतं. म्हणून पानाची एक पट्टी, केळफुलाची उभी चकती आणि दोन जांभळ्या साली एवढंच शीटवर येतं. बाकीची केळ वहीत लिहावी लागते. त्या सालीला शास्त्रात सहपत्र म्हणतात, केळबाई मात्र जन्मभर सालच म्हणत आल्या. साल उघडल्यावर सरळ उभी राहते की मागे गुंडाळली जाते, यावर केळीची जात ठरते. आणि वाळल्यावर तर सगळ्याच साली वेड्यावाकड्या वळतात, त्यामुळे जंगलात उभं राहून वहीत जे लिहिलं तेच खरं धरायचं. साध्या रानकेळीची साल मागे गुंडाळते. केळबाईंच्या केळीची गुंडाळत नाही. दोघींमध्ये फरक काय तो एवढाच.

केळबाईंच्या वहीत चौदा वेळा तेच वाक्य होतं: साल सरळ उभी, मागे वळत नाही.

अकराव्या नोंदीवर त्यांचा हात थांबला. वेळ वहीत नव्हती, पण त्यांना ती माहीत होती. सहा ते साडेआठ. चौदाही वेळा सहा ते साडेआठ.

तेव्हा लेक चार महिन्यांची होती. नवरा फिरतीच्या नोकरीवर, घरात सासूबाई. सासूबाई तशा वाईट नव्हत्या, पण तोंडाने फटकळ. "अंगावर पिणारं लेकरू टाकून केळी बघायला निघाली," असं त्या शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायच्या. केळबाई साडेचारची पहिली बस पकडून डोंगरात जायच्या. उजाडलं की रस्त्याच्या कडेने चालायला लागायचं, वाटेत दिसेल ती केळ कापायची, वहीत लिहायचं. साडेआठला वरच्या गावांतून दूध घेऊन खाली जाणारी गाडी यायची. ती चुकली की पुढची बस थेट संध्याकाळी. घरी पोचेपर्यंत अंगावरचे कपडे छातीपाशी भिजलेले असायचे आणि लेक रडून रडून लालबुंद. साडेआठनंतरचं ते रान केळबाईंनी कधी पाहिलंच नव्हतं.

त्यांनी खालच्या कपाटातून नकाशा काढला. सरांनी स्वतः केलेला. साध्या केळीचे काळे ठिपके साऱ्या डोंगरभर विखुरलेले. ते इतरांनी आणलेले, न्याहारी करून आरामात दहा वाजता रानात शिरणाऱ्या पुरुषांनी. केळबाईंच्या केळीचे लाल ठिपके मात्र एका रांगेत, एकाच रस्त्याच्या दोन्ही कडांना. त्या उपप्रजातीला रस्त्याकडेची मोकळी जागा मानवते, असं सरांनी शोधनिबंधात लिहिलं होतं. एका ओहोळापाशी लाल ठिपक्यावर काळा ठिपका होता. तिथे दोन्ही उपप्रजाती शेजारी शेजारी नांदतात, असंही लिहिलं होतं.

केळबाईंनी त्या दोन ठिपक्यांवर बोट ठेवलं. एकच केळ असेल तर? एकाने दुपारी, साल वळल्यावर पाहिलेली आणि दुसरीने सकाळी, वळायच्या आधी?

त्या फॉर्म घेऊन साहेबांकडे गेल्या. आताचे साहेब म्हणजे सरांच्या खुर्चीतले तिसरे, वयाने केळबाईंच्या धाकट्या भावाएवढे, मनाने भले.

"वेळेचा रकाना आहे, साहेब."

"मग? रिकामा सोडा. जुन्या नोंदींत कोण वेळ लिहीत होतं?"

"मला वेळ माहीत आहे."

"वहीत आहे?"

"नाही. डोक्यात आहे."

साहेब हसले. "डोक्यातलं फॉर्मवर लिहीत नाहीत, बाई. तुमच्या निरोपाला आम्ही त्या केळीचा मोठा फोटो फ्रेम करतोय, हे मी सांगायला नको होतं, पण सांगून टाकलं. आता असल्या भानगडीत पडू नका. सुखाने घरी जा."

सुखाने घरी जाणं किती सोपं होतं! केळबाईंनी तो रकाना चार दिवस रिकामा ठेवला. कुणाला कळणार नव्हतं. सर गेले, सासूबाई गेल्या, दूधगाडी बंद होऊन जमाना झाला. सकाळची ती घाई फक्त त्यांच्या एकटीच्या आठवणीत उरली होती आणि त्या गप्प बसल्या तर ती तिथेच जिरली असती. पण चार दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. सगळ्याचा कंटाळा येतो, त्या कंटाळ्याचाही येतो, तसं झालं होतं.

रविवारी त्यांनी लेकीला फोन केला. "मला डोंगरात नेशील का? सकाळी लवकर."

"आता? तुझे गुडघे बघ, आई."

"गुडघे गाडीत बसतील. मला केळ बघायचीय."

लेक बँकेत होती, आणि सध्या बाळंतपणाच्या रजेवर. बाळ पाच महिन्यांचं. बाळाला नवऱ्याकडे ठेवून ती आली. वाटेत म्हणाली, "लहानपणी मी वर्गात सांगायचे, आमच्या आईची एक केळ आहे म्हणून. सगळ्यांना वाटायचं आमची केळीची बाग आहे." केळबाई हसल्या, पण त्यांचं लक्ष खिडकीबाहेर होतं.

पावणेसातला दोघी त्या ओहोळापाशी पोचल्या. केळीचं बेट होतं तिथेच होतं, थोडं पसरलेलं. खाली लोंबणाऱ्या तीन केळफुलांवर प्रत्येकी एकेक साल उघडली होती. सरळ, ताठ, आतून लालसर. वहीत लिहिल्याप्रमाणे तंतोतंत.

"हीच ना?" लेकीने फोटो काढला. "आहे की! उगाच घोर लावून घेतलास."

केळबाई दगडावर बसल्या. सात वाजले. साडेसात. साली जशाच्या तशा. आठ वाजता लेक येरझारा घालायला लागली. सव्वाआठला तिचा फोन वाजला. पलीकडे बाळाचं रडणं केळबाईंनाही ऐकू आलं.

"बाटली घेत नाहीये तो," लेक म्हणाली. तिने नकळत दोन्ही हात छातीशी धरले होते. "चल ना आई. बघून झालं ना?"

केळबाईंनी घड्याळ पाहिलं. आठ पंचवीस. उठावं असं त्यांना मनापासून वाटलं. या क्षणी उठल्या असत्या तर खोटंही बोलावं लागलं नसतं. सकाळी पाहिलं ते तीस वर्षांपूर्वीसारखंच होतं, एवढं त्या शपथेवर सांगू शकल्या असत्या. नाव राहिलं असतं. आणि गुडघेही दुखत होते.

"तू जा," त्या म्हणाल्या. "बाळ उपाशी आहे. मी संध्याकाळच्या बसने येते."

"एकटी? वेड लागलंय का तुला?"

"मला इथे साडेआठनंतर एकदा बसायचंय. जा गं, बाळ रडतंय."

लेक वैतागून गेली. जाताना पाण्याची बाटली आणि बिस्किटांचा पुडा आईच्या मांडीवर आपटून गेली.

साडेनऊपर्यंत काही झालं नाही. मग ऊन ओहोळात उतरलं. दहाच्या सुमाराला पहिल्या सालीची कड किंचित बाहेर वळली. केळबाईंनी चष्मा पुसला. साल हलताना दिसत नव्हती. दुसरीकडे बघून परत बघावं तर थोडी आणखी वळलेली असायची. अकराला अर्धी वळली. साडेअकराला तिन्ही केळफुलांवरची तिन्ही साली मागे गुंडाळून घट्ट सुरळ्या झाल्या होत्या. दुपारी दोनला त्यातली एक टपकन गळली आणि खाली कुजणाऱ्या पानांत मिसळून गेली.

केळबाईंना रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. फक्त खूप थकवा आला, बत्तीस वर्षांचा एकदम. वेगळी केळ नव्हतीच. सरांचे लाल ठिपके म्हणजे एका बाईचं दूध भरून येण्याआधीचे दोन-अडीच तास होते, आणि सरांनी त्यावर विश्वास ठेवला होता, कारण केळबाई वहीत कधी खोटं लिहीत नसत. खोटं लिहिलंही नव्हतं. फक्त थांबल्या नव्हत्या. थांबायची सोय कुणी ठेवली होती?

दुसऱ्या दिवशी त्यांनी फॉर्मवर चौदा ओळींत वेळ लिहिली. खाली चार ओळींत रविवारचं सगळं लिहिलं. मग लोखंडी कपाटातून चौदा शीट काढून टेबलावर मांडल्या. संग्रहालयाचा एक नियम आहे: जुनी चिठ्ठी कधी काढायची नाही, खोडायची नाही, झाकायचीही नाही. मत बदललं तर नवी चिठ्ठी तिच्या शेजारी लावायची, खाली नाव आणि तारीख घालून. छापून गेलेलं नावही तसंच. ते मरत नाही, दुसऱ्या नावाखाली बारीक अक्षरांत जाऊन बसतं.

साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले. फॉर्मची प्रत त्यांनी वाचली होती.

"चिठ्ठी मी लिहितो," ते हळू आवाजात म्हणाले. "सहायकाने लिहायची पद्धत नाही. आणि निदान ही तरी तुमच्या हातून नको."

"चूक माझी होती, साहेब. चिठ्ठीही मीच लिहिणार."

साहेबांनी आपल्या खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं, काळ्या पक्क्या शाईचं, शास्त्रज्ञांच्या सहीसाठी ठेवतात ते.

केळबाईंनी साध्या रानकेळीचं नाव लिहिलं. खाली स्वतःचं. सरांच्या सहीशेजारी ते जरा तिरकं आलं. इतक्या वर्षांत तिथे नाव लिहायची सवयच नव्हती. पुढे रविवारची तारीख घातली, आणि तारखेपुढे, रकाना नसतानाही, लिहिलं: सकाळी सात ते दुपारी दोन.

चौथी चिठ्ठी चिकटवत असताना लेकीचा फोन आला. आईच्या आवाजावरून ओळखून तिने सगळं काढून घेतलं.

"म्हणजे माझ्यामुळे गेलं ना तुझं नाव?"

"तुझ्यामुळेच तर मिळालं होतं," केळबाई म्हणाल्या.

पलीकडे बाळ रडायला लागलं. "जा, पाज त्याला," केळबाई म्हणाल्या, "आणि घाई करू नकोस." फोन ठेवून त्यांनी पाचवी शीट पुढे ओढली.