समोरच्याचा डावा कान

मास्तरांच्या कानात काहीच टिकत नाही, असं त्यांची बायको लग्न झाल्यापासून म्हणत आली होती. ती सांगितलेल्या कामांबद्दल बोलायची. पण त्या आठवड्यात तिचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं, कारण मास्तरांनी इअरफोन घेतले आणि ते काही केल्या कानात टिकेनात.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे बेतणारे. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ते कटिंग मास्तर होते. बाकीचे मशीनवर शिवत आणि मास्तर लांबलचक टेबलापाशी उभे राहून खडूने आखत नि कापत. माणूस दारातून आत आला की त्याचा कुठला खांदा उतरता आहे हे त्यांना टेप न लावताच कळे. जगातल्या कुठल्याही देहाला बसेल असं आपण बेतून देऊ शकतो, असा त्यांचा स्वतःबद्दल समज होता. आणि आता स्वतःच्याच दोन कानांना बसेल अशी बोटाच्या पेराएवढी वस्तू मिळवताना त्यांच्या नाकी नऊ आले होते.

इअरफोन हवे होते ते लेकीच्या गाण्यासाठी. एकुलती एक लेक दुसऱ्या गावी नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात गायची. आजवर दुसऱ्यांची गाणी गायली, पण आता पहिल्यांदाच स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल लावलेलं गाणं तिने रेकॉर्ड केलं होतं. मध्यंतरी सुट्टीत घरी आली तेव्हाही तिचं डोकं त्यातच होतं. फोन पुढे धरून घरभर हिंडायची, नळापाशी थांबायची, दाराची कडी वाजवून बघायची. पोरीचं डोकं कामाच्या ताणाने जरा बिघडलं आहे, असं मास्तरांना वाटलं होतं. आता गाणं पाठवून तिने खाली लिहिलं होतं, "बाबा, आधी तुम्ही ऐका. तुम्ही हो म्हणालात की शनिवारी सगळ्यांसाठी सोडते. आणि इअरफोन लावूनच ऐका हं. डाव्या आणि उजव्या कानात वेगवेगळं आहे."

मास्तरांचा ऊर भरून आला. त्यांच्या 'हो'ला घरात एवढी किंमत यापूर्वी कुणी दिली नव्हती. असं गाणं उभ्याउभ्या ऐकून टाकायचं हे त्यांना पटेना. कारखान्यात मशिनींमुळे काही ऐकू येत नाही, आणि घरी बायकोमुळे. राहता राहिला कामावर जायचा रस्ता: थोडं चालणं, मग बस, मग पुन्हा थोडं चालणं. बसच्या खिडकीशी बसून निवांतपणे ऐकायचं असं त्यांनी ठरवलं. आणि एकदा ठरवल्यावर ऐकणं सोडून बाकी सगळं केलं.

पहिली जोडी घेतली ती रबरी बोंडांची. "कानात काही आहे हेच विसरून जाल, मास्तर," दुकानदार म्हणाला. मास्तर मुळात हलक्या कानाचे, कुणी काही सांगितलं की खरं मानून मोकळे. बसस्टॉप यायच्या आत एक बोंड सारखं गळून पडायला लागलं आणि दुसरं असं रुतून बसलं की कान ठणकायला लागला. बसमध्ये तर ते गळकं बोंड शेजारच्या बाईंच्या पिशवीत पडलं, मास्तरांनी ते काढायला बिनदिक्कत पिशवीत हात घातला, आणि पुढे जे बोलणं झालं ते इथे देण्यासारखं नाही. पुढच्या सीटवर जाऊन बसल्यावर त्यांनी दोन्ही बोंडं बोटांनी दाबून धरली, डोळे मिटले आणि गाणं सुरू केलं.

लेकीचा आवाज यायच्या आधीच एका कानात खडखड सुरू झाली. मास्तरांनी ताबडतोब बंद केलं. त्यांचा एक नियम होता. कापडात दोष दिसला की त्यावर कात्री चालवायची नाही, आधी ठाण बदलून आणायचं. पोरीचं पहिलंवहिलं गाणं असल्या फुटक्या इअरफोनवर ऐकायला ते काही एवढे हे नव्हते.

दुकानदार कानात घातलेला माल परत घेत नसे, पण मास्तरांनी त्याच्या लग्नाचा कोट बेतला होता, त्यामुळे त्याला त्यांची भीड पडली. त्याने दुसरी जोडी दिली. तिला कानावर अडकवायच्या आकड्या होत्या. मास्तरांनी त्या अडकवल्या तर आकड्या कानामागे जायच्या ऐवजी गालांवर आल्या. हल्लीची फॅशन असेल, असं धरून ते तसेच कारखान्यापर्यंत चालत गेले. काजं-बटणं करणाऱ्या मावशींनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"मास्तर, ते उलटं नाही ना घातलंय?"

"मावशी, मापातलं मला शिकवू नका," मास्तर म्हणाले आणि ऐटीत टेबलाकडे गेले. तोंड असलेल्या माणसाने ते कधी उघडू नये याचं ज्ञान त्यांना नेहमी दोन दिवस उशिरा व्हायचं.

या जोडीतही खडखड होतीच, त्याच कानात. आता मात्र दुकानदाराचाही धीर सुटला. त्याने मास्तरांची पहिली, रबरी बोंडांची जोडी ड्रॉवरमधून काढली, स्वतःच्या फोनला लावली आणि एक गाणं मास्तरांना ऐकवलं. कान दुखला, पण खडखड नव्हती. मास्तरांनी पुन्हापुन्हा ऐकलं. छे, नावालाही नाही.

"मास्तर, इअरफोन चांगलेच आहेत. खडखड तुमच्या गाण्यात आहे," दुकानदार म्हणाला. "आणि हेच घेऊन जा. तुमच्या कानाला दुसरं काही बसणार नाही. तुमचा कानच जरा वेगळा आहे."

आयुष्यभर लोकांच्या उतरत्या खांद्यांना नावं ठेवल्याचं हे फळ होतं. मास्तरांनी बोंडं खिशात टाकली. बाहेर आल्यावर मात्र त्यांना एकदम हलकं वाटलं. दोष सापडला होता, आणि दोष सापडला की कारागिराला आपण फार मोठं काम केल्यासारखं वाटतं. त्या भरात कारखान्याच्या जिन्यात उभं राहून त्यांनी लेकीला फोन लावला. तो शुक्रवार होता.

"बाबा! ऐकलंत?" तिने श्वासही न घेता विचारलं.

आता इथे खरं सांगायला काय हरकत होती? काहीच नव्हती. पण आठवडाभर गाणं खिशात घेऊन हिंडलो आणि ऐकलं नाही, हे बापाने कुठल्या तोंडाने सांगायचं?

"ऐकलं की! छान झालंय," मास्तर म्हणाले. "फक्त सुरुवातीला जरा खडखड येतेय."

"खडखड?"

"हो ना. तुमच्या त्या रेकॉर्डिंगच्या मशीनमध्ये काहीतरी बिघाड असणार. तेवढी काढून टाक. कान किटतात. बाकी छान."

पलीकडे काहीच ऐकू येईना, म्हणून मास्तरांनी फोन हलवून पाहिला.

"बरं," लेक म्हणाली. "काढते."

मायलेकींचं 'बरं' इतकं छोटं असलं की ते बरं नसतं, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी त्याकडे कानाडोळा केला आणि कामाला लागले.

संध्याकाळी बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. मास्तर भिंतीलगतच्या कॉटवर टेकले. ही लेकीची लहानपणची कॉट. तिच्या डाव्या अंगाला मास्तरांची जुनी पायमशीन होती. कारखान्यात लागण्याआधी त्यांनी कित्येक वर्षं घरीच तिच्यावर शिवलं होतं. आता तिच्यावर एक झाडाची कुंडी आणि घरातले सगळे चार्जर नांदत होते.

"बोललात का तिच्याशी? काय म्हणाली?" बायकोने विचारलं.

"काढते म्हणाली."

"काय काढते?"

"सुरुवातीची खडखड. मीच सांगितलं."

"आणि गाणं कसं आहे?"

मास्तरांनी कुंडीकडे पाहिलं. "ते अजून ऐकायचंय."

बायकोच्या हातातली घडी अर्धीच राहिली. "म्हणजे न ऐकताच काढून टाक म्हणालात? एखादं गिऱ्हाईक कोट अंगात न घालताच बाही उसवा म्हणालं असतं, तर तुम्ही त्याला काय केलं असतं?"

काय केलं असतं ते मास्तरांना चांगलं माहीत होतं. गिऱ्हाईक पुन्हा त्या गल्लीत दिसलं नसतं.

"अगं, कानात बसतच नाहीत ना ते! माझे कानच वाकडे आहेत, दुकानदारही म्हणाला." पुरावा म्हणून त्यांनी बोंडं कानात कोंबून दाखवली. एक लगेच मांडीवर पडलं.

बायकोने ते उचलून दिव्याकडे धरलं. "यावर अक्षर आहे की."

"आहे ना. एकावर एल, एकावर आर. मला काय तेवढंही कळत नाही? एल म्हणजे डावा."

"मग तो उजव्या कानात का घालताय?"

"समोरच्याचा डावा," मास्तर समजावून सांगायला लागले. "आपण समोरून बघतो ना? समोरच्याची डावी बाही म्हणजे आपला उजवा हात. उस्तादांनी पहिल्याच दिवशी माझा कान पिळून शिकवलंय हे. आजवर एक बाही चुकली नाही."

"समोर कोण आहे?" बायकोने विचारलं.

मास्तरांनी समोर पाहिलं. समोर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता.

"कान तुमचेच आहेत ना?" बायको म्हणाली आणि तिने घडी पुरी केली.

मास्तर अगदी कानकोंडे झाले. त्यांनी मुकाट्याने बोंडं अदलाबदल करून घातली. ती अशी बसली की जणू त्यांच्याच मापाने बेतलेली. दुखणं नाही, गळणं नाही. गालांवरच्या आकड्या आठवल्या, मावशी आठवल्या, पिशवीवाल्या बाई आठवल्या, आणि इतक्या दिवसांत आपण किती माणसांसमोर मूर्ख ठरलो याची बेरीज करायचा नाद त्यांनी सोडून दिला. गाणं सुरू केलं.

"अगं, आता या वेळी मशीन कशाला काढलीस?" ते म्हणाले आणि डावीकडे वळले.

मशीन झाकलेलीच होती. कुंडी जागेवर होती. बायको पलीकडे मोजे जुळवत होती. मास्तरांनी डावं बोंड काढलं, तर खोली शांत. पुन्हा घातलं, तर मशीन चालू. पायपट्टी खालीवर होत होती, चाक फिरत होतं, आणि मधूनमधून, ठरल्यासारखं, टक.

ते टक जगात दुसऱ्या कुठल्याही मशीनचं नव्हतं. पट्टा तुटला होता तेव्हा मास्तरांनी तो तारेच्या कडीने जोडला होता, आणि कडी चाकावरून जाताना वाजायची. एकदा काम जास्त आलं म्हणून त्यांनी नवा पट्टा चढवला. त्या रात्री याच कॉटवर झोपलेली एवढीशी पोर उठून बसली होती. "बाबा, टक कुठे गेलं?" काही केल्या झोपेना. शेवटी नवा पट्टा उतरवून जुना लावला तेव्हा झोपली.

सुट्टीत आली तेव्हा तिने उशीचा अभ्रा उसवलाय म्हणून मास्तरांना कुंडी उचलायला लावून याच मशीनवर बसवलं होतं. स्वतः कॉटवर आडवी झाली होती, फोन उशाशी ठेवून. आणि मास्तर तिच्यावर डाफरले होते की एवढी मोठी झालीस, सुईदोऱ्याने दोन टाके घालता येत नाहीत?

एका टकवर लेकीचा आवाज आला. पुढचं टक यायच्या आत ओळ पुरी झाली, आणि मग सगळं गाणंच त्या टकच्या हाताला धरून चालत गेलं. मास्तरांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही. ज्या आवाजाने आपण ही पोर वाढवली, त्यालाच आपण आज सकाळी बिघाड म्हणालो, कान किटतात म्हणालो. बायकोने काही न विचारता त्यांच्यापुढे ढिगातला एक रुमाल ठेवला.

लेकीने फोन पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला.

"काढली बाबा, खडखड. आत्ताच काढली," ती म्हणाली. आवाज सुकलेला होता.

"परत घाल."

"का?"

"मी ऐकलंच नव्हतं गं."

"मग छान झालंय म्हणालात ते?"

"ते तू गायलंस म्हणून म्हणालो. आता ऐकून म्हणतोय." मास्तरांनी रुमालाने डोळे पुसले. "आपल्या मशीनचं आहे ते. कॉटवर पडलं की असंच ऐकू यायचं तुला. डावीकडून."

मग मास्तरांनी सगळं सांगितलं, पिशवीपासून आकड्यांपर्यंत, एकही गोष्ट न वगळता. समोरच्याच्या डाव्या कानापाशी येईपर्यंत लेक इतकी हसत होती की पलीकडे तिचं नाक वाहायला लागल्याचं ऐकू येत होतं.

"ते काढल्यावर गाणं चालेचना, बाबा," शेवटी ती म्हणाली. "घालते परत. उद्या सोडते." मग जरा घुटमळली. "पण लोकांनाही खडखडच वाटली तर?"

"त्यांना म्हणावं, इअरफोन उलटे घातले असतील," मास्तर म्हणाले. "बायकोला विचारून बघा."