हातानं लावलेली वेळ

गोडदेवच्या चाळीतल्या त्या खोलीत भिंतीवरचं घड्याळ पाव तास पुढं चालायचं, आणि त्याला कारण होतं. इंदूबाईनं अर्धं आयुष्य स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात, पॉलिशच्या काळ्या धुळीत घातलं. तिथल्या शेठचं घड्याळ सकाळी पुढं पळायचं आणि संध्याकाळी रेंगाळायचं. गेटवर पोचली की, "लेट हो गया, आधा दिन गया." सुटायच्या वेळी, "अभी टाइम किधर हुआ?" स्वतःच्या बोटानं काटे फिरवायचा मेला, आणि त्याच बोटानं देवाला गंध लावायचा. चोराला चोर नाही तर काय म्हणायचं? भांडून काही होईना, तेव्हा इंदूबाईनं घरचंच घड्याळ पुढं केलं. कारखाना बंद पडला, घड्याळ तसंच राहिलं.

लेकीनं, स्नेहलनं, जुना लॅपटॉप आणला तेव्हाही इंदूबाई म्हणाली, "त्याचंपण पुढं कर. एका घरात दोन टाइम कशाला?"

"आई, तो नेटवरून आपोआप टाइम घेतो."

"आपल्याला आपोआप काय मिळालंय आजवर? कर पुढं."

स्नेहलनं हसत आपोआपचं बटण बंद केलं आणि वेळ पाव तास ढकलली.

आज त्याच लॅपटॉपवर नोकरीची परीक्षा होती. डिप्लोमा होऊनही पोरगी शोरूममध्ये दिवसभर उभी राहून पाय सुजवून घेत होती. ही परीक्षा हुकली तर पुन्हा तेच. ती आंघोळ करून बसली, आणि पडद्यावर लाल पट्टी आली. संगणकाची वेळ चुकीची, प्रवेश नाही.

इंदूबाईनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. हे आपलंच काम.

स्नेहलनं मोबाइल बघून घाईघाईत वेळ बरोबर केली. तरी लाल पट्टी हटेना. हेल्पलाइनवर बराच वेळ बाजा वाजला, मग एक कंटाळलेला आवाज आला.

"मॅडम, टाइम हाथ से सेट किया क्या?"

"हां, मोबाइल देखके किया."

"हाथ से लगाया हुआ टाइम नहीं चलेगा. सेकंड का फरक पडता है. ऑटोमॅटिक चालू करके सिंक करो."

स्नेहलनं बटण चालू केलं. जमलं नाही, असं उत्तर आलं. पण त्या माणसानं फोन ठेवला नाही. त्यानं दिल्लीच्या सरकारी घड्याळाचा नेटवरचा पत्ता एकेक अक्षर करून सांगितला, चुकल्यावर पुन्हा सांगितला. तिनं तो टाकला, बटण दाबलं. आकडे किंचित हलले. लाल पट्टी गेली.

"हो गया भैया! थँक्यू!"

"पेपर अच्छे से दो, बेटा," कंटाळलेला आवाज म्हणाला.

परीक्षेचा प्रवेश बंद व्हायला अजून अवकाश होता, कारण पोरगी आईच्या घड्याळाप्रमाणं पाव तास आधीच बसली होती. इंदूबाई बाहेर पायरीवर जाऊन बसली. पिंप भरायला आलेल्या बायांना तिनं दटावलं, "आवाज नको, पोरगी पेपर देतेय." डोक्यात तेच घोळत होतं. हातानं लावलेली वेळ चालणार नाही. हे वाक्य त्या गेटवर तेव्हा कुणी बोललं असतं तर!

पेपर सुटला. स्नेहल घामेजली होती, पण हसत होती.

"ती वेळ देतं कोण गं?"

"दिल्लीत सरकारी प्रयोगशाळा आहे, आई. अणूवर चालणारी घड्याळं आहेत. तिथून सगळ्यांना देतात. फुकट."

"शेठलापण तीच?"

"शेठलापण तीच."

इंदूबाईनं स्टूल ओढलं. वर चढून काटे मागं घ्यायला भिंतीवरच्या घड्याळाकडं हात नेला.

"राहू दे ना ते," स्नेहल म्हणाली. "त्याच्यामुळं तर लवकर बसले. नाहीतर त्या भैयाशी बोलायला वेळ कुठला?"

इंदूबाईनं हात मागं घेतला, पदरानं काच तेवढी पुसली आणि चहा टाकला. आलं सढळ हातानं ठेचलं.

"त्या दिल्लीवाल्यांना पाजायला पायजे होता. आणि त्या फोनवाल्याला. पी, त्यांच्या वाटचा तू पी."