समुद्राखालचं विवर आणि काठावर अडकलेलं जाळं

मित्रांनो, मी समुद्राच्या तळाशी बसलेलं एक जुनं ज्वालामुखीचं विवर आहे. जुनं म्हटलं म्हणून मोडीत काढू नका. माझ्यात तुमचं अख्खं शहर बसेल, वर शेजारचं गावही.

जमिनीच्या पोटातला वितळलेला खडक एका भेगेतून वर आला आणि गार पाण्यात थिजला. त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. असा माझा डोंगर झाला. मग एकदा माझा राग अनावर झाला. आत होतं नव्हतं ते मी ओकून टाकलं. समुद्र उकळला, मासे दूर पळाले, मला बरं वाटलं. पण पोट रिकामं झाल्यावर वरचं छप्पर पेलेना. माथाच आत कोसळला. डोंगर गेला, खड्डा राहिला. आदळआपट करणाऱ्याचं असंच होतं.

पुढे युगं गेली, मी निवले. काठावर पोवळी आली, त्यांच्या आडोशाला मासे अंडी घालू लागले. मला भकास म्हणणाऱ्यांनी असं लेकुरवाळं विवर दुसरं दाखवावं.

परवा एका बोटीचं जाळं त्याच काठावर अडकलं. बोटीवर मायलेक होते. लेकाने इंजिनाचा जोर वाढवला. दोर ताणला, पोवळी कडाकडा मोडू लागली. जाळं तुटून इथेच राहिलं असतं, तर माझी पिल्लं त्यात पिढ्यान्‌पिढ्या गुदमरली असती.

“थांब,” आई म्हणाली. “ओढून गाठ सुटते का कधी?”

“नवीन जाळं आहे, आई. सोडून देऊ?”

“सोड कोण म्हणतंय? बोट वळव. आलो त्या बाजूला नेऊन ओढ, हळू.”

“तोवर आतले मासे निसटतील.”

“निसटू देत. तुझा बापही असाच. जाळी समुद्राला देऊन यायचा आणि घरी भांड्यांवर राग काढायचा.”

लेकाचे कान लाल झाले, पण त्याने बोट वळवली. दोर सैल पडला. जाळं काठावरून अलगद सुटलं आणि रिकामंच वर गेलं. पोवळ्याची एक फांदी तेवढी त्यात होती, बारीक अंडी चिकटलेली.

“शोभेला घरी नेऊ,” लेक म्हणाला.

“ज्याच्या घरची आहे त्याच्याकडे जाऊ दे.” आईने ती पाण्यात सोडली.

फांदी सावकाश खाली आली, माझ्याच काठावर टेकली. मोडलेली पोवळी भरून यायला तुमच्या कितीतरी पिढ्या लागतील. मित्रांनो, जाळी टाकूच नका असं मी म्हणत नाही. पोट सगळ्यांनाच आहे. पण अडलं, की जोर लावण्याआधी एकदा मागे वळून बघा. मला हे सांगणारं कुणी नव्हतं. नाहीतर आज मी डोंगर असते.