आमेनच्या आधी

“ताई, प्रार्थना तुम्हीच करायची,” म्हणत धाकट्या जावेनं मला तिच्या नव्या घराच्या मधोमध उभं केलं. “पाळकांना मी आधीच सांगून ठेवलंय.”

चर्चचे पाळक हसून म्हणाले, “घर देवाच्या हाती सोपवायचं, तर या बाईंसारखं तोंड कुणाचं?”

माझं तोंड! सकाळपासून ते कडू झालं होतं.

चार खोल्या. मोजल्या नाहीत म्हटलं तर खोटं होईल, दोनदा मोजल्या. प्रत्येक खोलीला दार, प्रत्येक दाराला कडी. आमच्या घरात कडी लागणारं दार एकच, न्हाणीघराचं. पाच माणसांच्या त्या गर्दीत मला देवाशी बोलायचं तर तिथंच, पालथ्या बादलीवर बसून. बाहेरून नवरा ओरडणार, “देव गेला का? मला दाढी करायचीय!”

अकरा वर्षं त्या बादलीवर बसून मी एक खोली मागितली. एक. जावेनं काय केलं? नवा कपडा शिवला की चर्चला आली, नाही शिवला की नाही आली. आणि तिला चार.

चर्चमध्ये साक्ष द्यायला उभे राहतात तेही असलेच. देवानं गाडी दिली, देवानं बढती दिली. लोक टाळ्या पिटतात. माफी मिळाली म्हणून उभं राहिलेलं एक माणूस मी पाहिलं नाही. माफीचा फोटो निघत नाही ना!

मी हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं धुते. चिमटे, कात्र्या ब्रशनं घासायच्या, सांधा उघडून बघायचा, कारण रक्त तिथंच लपून बसतं. मग कापडात बांधून वाफेच्या यंत्रात. चकचकीत दिसतं ते स्वच्छ असतंच असं नाही, हे वीस वर्षांत पाठ झालंय. पाळक माझं कौतुक करत होते, तेव्हा माझ्या सांध्यात काय होतं ते मलाच ठाऊक.

सगळ्यांनी डोळे मिटले. मीही.

सुरुवात बरी झाली. “हे स्वर्गातल्या बापा, या घराबद्दल तुझे आभार.” झोपेतही येतील अशी वाक्यं. मग ती संपली. मिटल्या डोळ्यांपुढं अंधार, आणि सवय अकरा वर्षांची. समोर पंचवीस माणसं उभी आहेत हे मी विसरले.

“खोली मी मागितली होती,” मी म्हणाले. “तू हिला दिलीस. पत्ता चुकला का तुझा? जळतेय मी, बापा. मघाशी जिना चढताना वाटलं, हिच्या छताला ओल यावी.”

कुणीतरी खाकरलं. तेव्हा मला कळलं मी कुठं आहे.

आमच्यात आमेन होईपर्यंत कुणी डोळे उघडत नाही, आणि आमेन माझ्या हातात होतं. तिथंच म्हटलं असतं, तर हिच्या घरात माझं ते ओलीचं बोलणंच मागं राहिलं असतं. गिळताही येईना. मग पुढंच बोलले.

“आईशी सात वर्षं अबोला धरला मी. ती गेली त्या दिवशीसुद्धा हट्टानं कामावर गेले. ते तू माफ केलंस. आईला टाकणाऱ्या बाईला तू लेक म्हणालास. रोज कडी लावली की येतोस, एकदा उशीर केला नाहीस. एवढं मला पुरायला हवं, बापा. आज पुरत नाहीये. पुरेल असं मला कर. आणि या छताला ओल येऊ देऊ नकोस. हिलाही तुझ्याशी भांडता येऊ दे. आमेन.”

“आमेन,” पाळक एकटेच म्हणाले.

लोकांनी चहा घाईघाईनं संपवला. दीर माझी नजर टाळत होता. नवरा चपला घालून जिन्यात जाऊन उभा राहिला. मी स्वयंपाकघरात शिरले आणि बशा घासायला लागले. दुसरं काय करणार?

जाऊ मागोमाग आली.

“आजच पोटात दुखायचं होतं, ताई?”

“अकरा वर्षं दुखतंय. आज बोलून गेले.”

“माझ्या सगळ्या माणसांसमोर! छताला ओल म्हणे!”

“चुकले. माफ कर.”

“झालं? एवढ्यानं भागलं?”

“नाही भागत. पण माझ्याकडे तेवढंच आहे.”

ती ओट्याला टेकून उभी राहिली.

“तुमच्या आईचं कधी बोलला नाहीत.”

“कुणाशीच नाही.”

“हं.” तिनं नाक पुसलं. “आता घर कसं वाटलं ते सांगा. डोळे उघडे ठेवून सांगा.”

मी पाहिलं. पांढऱ्या भिंती, फरशीवर सरळ आलेला उजेड, कोपऱ्यात अजून न उघडलेलं एक खोकं.

“छान आहे,” मी म्हणाले. “खरंच छान आहे ग.” शब्द बाहेर आला, आणि त्यात खोट नव्हती.

ती हसली नाही. मी धुतलेली बशी तिनं घेतली, उलटून न बघता पुसली आणि फळीवर ठेवली. मग दुसरीसाठी हात पुढं केला.